ती भुतं नव्हेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत सुट्टीत पाहण्याजोग्या चित्रपटांची यादी आली होती. त्यात ‘स्पेक्ट्रल’ची ओळख ‘सैनिक विरुद्ध भुतं’ एवढ्यावरच आटोपली. २०१६ साली नेटफ्लिक्सवर आलेला हा युद्धपट मी नातवाबरोबर दोनदा पाहिला आहे. ती भुतं नसतात, हाच तर त्या कथेचा गाभा आहे.

मोल्दोव्हातल्या लढाईत अमेरिकी सैनिकांना काहीतरी अदृश्य गाठतं आणि मारतं. ते भिंतीतून आरपार येतं, गोळीला दाद देत नाही. तिथले लोक त्यांना युद्धात मेलेल्यांचे आत्मे मानतात. सैन्य मात्र शास्त्रज्ञाला बोलावून घेतं, कारण त्यानेच बनवलेल्या चष्म्यातून ती आकृती पहिल्यांदा दिसलेली असते. एका आसऱ्याला दोन मुलं लपलेली असतात आणि भोवती लोहकिसाची रेघ. ती आकृती त्या रेघेपाशी अडते. आयुष्यभर वर्गात कागदाखाली चुंबक धरून लोहकीस दाखवला, तोच इथे जीव वाचवताना पाहून मला भरून आलं.

शेवटी उलगडा होतो की त्या आकृती ‘बोस-आइनस्टाइन कंडेन्सेट’ या पदार्थाच्या एका आगळ्या अवस्थेच्या बनलेल्या असतात. नातवाने लगेच विचारलं, “आजी, बोस म्हणजे नेताजी?” चित्रपट तिथेच थांबवला आणि त्याला सत्येंद्रनाथ बोस सांगितले. १९२४ साली ढाका विद्यापीठात शिकवणाऱ्या या तिशीतल्या प्राध्यापकाने प्रकाशकणांवरचा आपला निबंध थेट आइनस्टाइनना पाठवला. आइनस्टाइननी स्वतः त्याचं जर्मन भाषांतर करून तो छापून आणला आणि तोच विचार पुढे अणूंना लावला. अणू पुरेसे थंड केले की त्यांचं वेगळेपण उरत नाही, सगळे मिळून जणू एकच लाट होते; हेच ते कंडेन्सेट. प्रत्यक्षात हे जमायला १९९५ साल उजाडलं. अमेरिकेत बोल्डरला रुबिडियम या धातूचे अणू निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे ज्याहून खाली तापमान जाऊच शकत नाही त्या बिंदूच्या वर, अंशाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी तापमानापर्यंत थंड केले, तेव्हा कुठे. त्या कामाला २००१ चं नोबेल मिळालं. बोस १९७४ मध्येच गेले होते, नोबेल न मिळताच.

असं कंडेन्सेट रस्त्यावरून धावत माणसं मारू शकत नाही, हेही मी नातवाला सांगितलं. निर्वात पेटीबाहेरच्या साध्या हवेतही ते क्षणभर टिकणार नाही. कल्पनेने तेवढी मोकळीक घेतली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एका भारतीयाचं नाव ज्या कल्पनेला आहे, तिची मराठी वाचकाला ‘भुतं’ म्हणून ओळख करून दिली, याचं मनापासून वाईट वाटलं.

अशा चित्रपटांबद्दल लिहिताना शेजारी चार ओळींची चौकट द्यावी, यातलं खरं विज्ञान किती आणि कल्पना कुठली, एवढंच सांगणारी. ती भौतिकशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकांकडून लिहून घ्या. तिची कात्रणं आमच्या गावच्या शाळेच्या फलकावर मी स्वतः नेऊन लावीन.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञानशिक्षिका, जि. सातारा