'गाठ. जपून.' लिहिणाऱ्या मामांना

मामा,
शि. सा. न. वि. वि.

हे तुम्ही स्वतः वाचणार नाही, नातू वाचून दाखवेल आणि चौथ्या ओळीला तुम्ही "बरं बरं, पुरे" म्हणाल, हे माहीत आहे. तरी आभाराचं हे पत्र लिहितेय. तोंडानं सांगायला वखारीत दोनदा आले होते. निम्मं मशीनच्या आवाजात गेलं आणि उरलेलं माझ्या घशात अडकलं.

पाडव्याला अकरा दिवस उरले होते. एका सोसायटीच्या दारावरच्या, तापलेल्या पेननं लाकडावर नावं जाळून करायच्या 42 पाट्या मी अंगावर घेतल्या होत्या. ॲडव्हान्स घेऊन झाला होता, खरं सांगायचं तर खर्चूनही झाला होता. आणि ज्यांच्याकडून फळ्या मागवल्या त्यांनी फोनवर तीनदा सांगितलं होतं, "मॅडम, सॉलिड लाकूड आहे, डोळे झाकून घ्या." मी खरोखरच डोळे झाकून घेतल्या.

पहिल्याच पाटीवर 'कुलकर्णी'तला 'कु' काढताना पेनचं टोक वरचा पापुद्रा फोडून खाली गेलं आणि खालून जो धूर आला तो लाकडाचा नव्हता. डोळे चुरचुरले, घसा धरला. एमडीएफ. लाकडाचे बारीक तंतू आणि फॉर्मल्डिहाइडचा गोंद एकत्र दाबून केलेला तक्ता, वरून विनिअरची, म्हणजे खऱ्या लाकडाची, कागदाएवढी पातळ साल. कपाटाला चालतो, पण जाळायचा नसतो. फोन केला तर उत्तर आलं, "तुम्ही जाळणार आहात हे आधी सांगायला हवं होतं." सांगितलं होतं हो. ऑर्डरमध्येच लिहिलं होतं. त्यानंतर तो फोन कुणी उचलला नाही.

त्या दोन दिवसांत सल्ले मात्र भरपूर मिळाले. "लेझरनं मारून घे ना, कोण बघतंय?" "हातानं कशाला मरतेस?" एका ओळखीच्या दुकानदारानं चीडचं, म्हणजे पाइनचं, लाकूड घ्यायला लावलं. चीडमध्ये एक रेघ मऊ, एक रेघ कडक. मऊ भागात पेन खड्डा पाडतं, कडक रेघेवर अडखळतं, आणि माझा 'श' काही केल्या 'श' दिसेना. त्यात मधेच राळ उकळून वर येते. ते पैसेही गेले.

तुमच्या वखारीत आले तेव्हा रडूनच आले होते, तुम्ही ते बघितलंत आणि काही विचारलं नाहीत. पिशवीतली ती फळी काढून दिली. तुम्ही नाकाला लावलीत, कडेवर नख घासलंत आणि म्हणालात, "ह्यो गोंद हाय पोरी. लाकूड न्हवं." मला सांगायचं तर इतकंच ऐकायचं होतं. मी मूर्ख नाही, मला फसवलंय, हे कुणीतरी एका वाक्यात म्हणायला हवं होतं.

मी साग मागितला, कारण मला वाटायचं चांगलं म्हणजे साग. तुम्ही हसलात. "काळ्यावर काळं काढून कुणाला दिसायचं?" मग मागच्या छपराखालून शिवण काढलीत, शिवणीच्या झाडाचं लाकूड. पिवळसर गोरी, हलकी, दोन उन्हाळे वाळलेली. बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकवलात. ओल्या लाकडावर पेन टेकलं की वाफ निघते, टोक थंड पडतं आणि रेघ फिकी येते, हे मला सहा वर्षांच्या धंद्यात कळलं होतं. आवाजावरून वाळलेलं ओळखायचं, हे त्या दिवशी कळलं.

पण आभार मानायचेत ते याचे नाहीत. लाकूड तुम्ही विकलंत, मी विकत घेतलं, हिशेब चोख झाला.

दुसऱ्या दिवशी घरी गठ्ठा सोडला. पॉलिश पेपर मारायला पहिली फळी उलटी केली तर मागे तुमच्या त्या चपट्या पेन्सिलीनं एक बाण. रेषा कुठल्या दिशेनं धावतात त्याचा. दुसरीवर बाण. तिसरीवर बाण. 42 च्या 42 फळ्या तुम्ही एकेक उचलून, उजेडात धरून, तिरक्या करून बघितल्या होत्यात. आणि सतराव्या फळीमागे बाणाच्या शेजारी मोडक्या अक्षरात दोन शब्द: 'गाठ. जपून.'

कुणी सांगितलं होतं? मी मागितलं नव्हतं, बिलात लावलं नव्हतंत, दाखवूनही दिलं नव्हतंत. मी ती फळी उलटी केली नसती तर मला कळलंही नसतं. तुम्हाला माझं काम नीट माहीतसुद्धा नाही, "ती जाळते ती पोरगी" एवढंच. पण जाळलेली रेघ पुसता येत नाही, फार तर पात्यानं खरवडता येते, हे तुम्ही न विचारता ओळखलंत. चांगली माणसं कमी झाली असं लोक म्हणतात. मला वाटतं ती फळीच्या मागच्या बाजूला लिहितात, म्हणून दिसत नाहीत. असो, मी वाहवत चाललेय.

गाठीवर पेन नेलंच नाही. ती मध्ये ठेवून भोवती दोन पानं काढली. त्या घरच्या आजींना सगळ्यांत तीच पाटी आवडली, तिला 'डोळा' आहे म्हणतात.

पाडव्याच्या आदल्या रात्री साडेअकराला शेवटची पाटी पोचली. मागचे बाण मी पुसलेले नाहीत. वरून वॉर्निश मारलंय, तुमची पेन्सिल आता पक्की झाली.

तुमच्यासाठी पाटी करते म्हटलं तर म्हणालात, "नाव कुठं लावू? वखार मालकाची, घर भाड्याचं." म्हणून नाव घातलेलं नाही. शिवणीचाच तुकडा उरला होता. त्यावर तुमच्याच मोडक्या अक्षरात, फोटो समोर ठेवून, ते दोन शब्द जाळलेत. करवतीच्या वर खिळ्याला लावा. नवीन पोरगा हात घालतो ना मधे, त्याला उपयोगी पडेल.

शनिवारी संध्याकाळी घेऊन येते. तेवढं मशीन बंद ठेवा.

तुमची,
जाळणारी पोरगी