समुद्र दिसतो, डॉक्टर मिळत नाही

महोदय,
गाव देवगडजवळ म्हटलं की लालबागच्या आमच्या चाळीत सगळे म्हणतात, ‘नशीबवान आहात!’ समुद्र, हापूस, ताजे मासे... खोटं काहीच नाही. पण गेल्या मे महिन्यात रात्री दोनला आईच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा जवळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरच नव्हते. शेजाऱ्याच्या गाडीतून तिला थेट गोव्यात, बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात न्यावं लागलं. ती वाचली. वाटेतले तीन तास मात्र मी मुंबईत फोन कानाला लावून, तिचा श्वास ऐकत काढले.

पाण्याचं तेच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. मे उजाडला की बावीत, म्हणजे विहिरीत, सोडलेली बादली तळाच्या कातळावर खणकन आपटते. शेजारच्या वहिनी एक कळशी भरून झाली की झरा साचायची वाट बघत काठावर बसून राहतात. तिथून समुद्र फार सुंदर दिसतो.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पर्यटकांसाठी जरूर करा, पण आधी प्रत्येक तालुक्यात चोवीस तास हजर असणारा फिजिशियन द्या आणि वाडीवाडीतल्या बावींचा गाळ पावसाआधी उपसा. आईला मुंबईत चल म्हटलं, तर ती कलमांना पाणी कोण घालणार, असं विचारते.

– एक चाकरमानी, लालबाग, मुंबई