जंगल कसे राखायचे, ते ग्रामसभेला विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा तोंडावर आला की आपल्या भागातल्या वर्तमानपत्रांत वणव्याच्या आणि वाघाच्या हल्ल्याच्या बातम्या वाढतात. मोहफुले आणि तेंदूपत्ता वेचायला गेलेली माणसे दोन्ही बातम्यांत असतात. वणव्याच्या बातमीत ती आरोपी असतात, हल्ल्याच्या बातमीत मृत. मग वाचकांची पत्रे येतात आणि बहुतेकांचा सूर एकच असतो: जंगलातून माणसे बाहेर काढा, म्हणजे जंगलही वाचेल आणि वाघही. माझी सगळी नोकरी गडचिरोली जिल्ह्यात शिक्षिका म्हणून झाली. वर्गातली निम्म्याहून अधिक मुले गोंड घरांतली असायची. त्या नात्याने या सुराला उत्तर द्यावेसे वाटते.

जून २०२४ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने राज्यांना पत्र लिहून व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील, म्हणजे अगदी आतल्या, सर्वांत कडक राखलेल्या भागातील गावांचे पुनर्वसन लवकर उरकण्यास सांगितले. देशभरातील ५९१ गावे आणि ६४,८०१ कुटुंबे असा आकडा त्यात आहे. या गावांत बहुसंख्य आदिवासी आहेत, हे वेगळे सांगायला नको. कायदा मात्र उरकण्याची घाई करत नाही. २००६ मध्ये वन्यजीव कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार आधी लोकांचे हक्क मान्य व्हायला हवेत, माणूस आणि वाघ तिथे एकत्र राहूच शकत नाहीत असा अभ्यासाअंती निष्कर्ष निघायला हवा आणि ग्रामसभेची संमती हवी. जंगलात राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणाऱ्या त्याच वर्षीच्या वनहक्क कायद्यात सामूहिक वनसंपत्तीची, म्हणजे गावाने मिळून वापरायच्या आणि राखायच्या जंगलाची, व्याख्या करतानाच राखीव वने, संरक्षित वने, अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने असे स्पष्ट लिहिले आहे. अभयारण्य जाहीर झाले म्हणजे गावाचा हक्क संपला, असे मानणारे शिकलेले लोक मला अजून भेटतात. कायदा तसे कुठेही म्हणत नाही.

कर्नाटकातल्या चामराजनगर जिल्ह्यात बिळिगिरी रंगन डोंगर आहे. तिथे सोलिगा आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. १९७४ मध्ये ते अभयारण्य झाले आणि पुढे सोलिगांना डोंगरातल्या पाड्यांवरून हलवून वस्त्यांत बसवले गेले. त्यांची फिरती शेती बंद झाली आणि पालापाचोळ्याला लावायची त्यांची हलकी आगही. या आगीला ते तरगु बेंकी म्हणतात. ती वर्षाच्या सुरुवातीला लावायची, पाचोळा जळायचा आणि मोठी झाडे राहायची. आग बंद झाल्यावर घाणेरी, म्हणजे आपली रायमुनिया, माजली आणि गवत दबले, असे सोलिगा वर्षानुवर्षे सांगत राहिले. आवळ्यावर बांडगूळ वाढल्याचेही त्यांनीच सांगितले, कारण आवळे तोडताना बांडगुळाच्या फांद्या छाटून टाकणारे हात तेच होते. २००४ नंतर अभयारण्यातून विक्रीसाठी वनोपज काढायलाच बंदी आली. जानेवारी २०११ मध्ये तिथे व्याघ्र प्रकल्प झाला. सोलिगा गप्प बसले नाहीत. त्यांनी आपली देवस्थाने आणि कुळांच्या हद्दी नकाशावर उतरवल्या, दावे भरले आणि ऑक्टोबर २०११ मध्ये पंचवीस ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले. व्याघ्र प्रकल्पाच्या आत असे हक्क मिळण्याची देशातली ती पहिली वेळ. त्या डोंगरातली वाघांची संख्या २०१० ते २०१४ या काळात जवळजवळ दुप्पट झाल्याची नोंद आहे. हे सगळे श्रेय सोलिगांचे, असे मी म्हणणार नाही. पण माणसे आत राहिली तर वाघ संपतील, हे भाकीत तिथे खोटे ठरले एवढे नक्की.

आता आपल्याकडे या. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. २०१२ मध्ये या गावाला सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गाव बांबू कापते, विकते आणि त्यावर गावातल्या लोकांना गावातच काम मिळते. पण या गावाने तेंदूपत्ता तोडायचाच नाही असे ठरवले, कारण कोवळ्या पानांसाठी झुडपे छाटावी लागतात, आग लावली जाते आणि जंगल पोळते. ज्यांच्या घरात पैशाची चणचण आहे अशा लोकांनी उन्हाळ्यातले हातातले उत्पन्न सोडून दिले. शिवाय तीसेक हेक्टरचा एक चांगला तुकडा पूर्ण राखायचा, त्याला हातही लावायचा नाही, हेही ग्रामसभेनेच ठरवले. हे करा म्हणून त्यांना कोणत्याही अधिकाऱ्याने आदेश दिला नव्हता.

पाचगावने आग थांबवली आणि सोलिगांना आग हवी आहे. मला यात विसंगती दिसत नाही. दोन्ही जंगले वेगळी, पाऊस वेगळा, झुडपे वेगळी. कुठे आग लावायची, कधी लावायची आणि कुठे अजिबात नाही, हे त्या त्या जंगलात बारा महिने वावरणारा माणूस जितके जाणतो, तितके राज्यभराला एकच नियम लावणारे परिपत्रक जाणू शकत नाही. अभ्यासक हवेत, वनरक्षक हवेत, उपग्रहाची छायाचित्रेही हवीत. पण निर्णयाच्या बैठकीत गाव पहिल्यापासून बसलेले असावे, सही करण्यापुरते शेवटी बोलावलेले नसावे.

वनखाते म्हणेल की आम्ही लोकांना कधीच सोबत घेतले. १९९० च्या केंद्राच्या परिपत्रकानंतर संयुक्त वन व्यवस्थापन समित्या आल्या, हे खरे. त्यांतून रोपे लागली, गॅसजोडण्या मिळाल्या, काही गावांत चांगले काम झाले, हेही मी पाहिले आहे. पण समितीचा सचिव वनखात्याचा कर्मचारी, आराखडा खात्याचा, पैसा खात्याचा. वनरक्षक चांगला मिळाला की काम चालायचे, त्याची बदली झाली की समिती कागदावर उरायची. वनहक्क कायद्याची रचना वेगळी आहे. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार संवर्धन आणि व्यवस्थापनाचा आराखडा ग्रामसभेची समिती करते आणि तो खात्याच्या कार्य आयोजनेशी, म्हणजे जंगलातल्या कामांच्या खात्याच्या आराखड्याशी, जोडताना कोणते बदल करायचे, हेही तीच समिती ठरवते. देशात या कलमाची अंमलबजावणी फार थोड्या ठिकाणी होते. उलट २०२५ मध्ये छत्तीसगडच्या वनविभागाने सामूहिक हक्काच्या जंगलांसाठी आपणच समन्वय यंत्रणा असल्याचे पत्र काढले आणि लोक रस्त्यावर उतरल्यावर ते मागे घेतले.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यालाही हा अनुभव नवा नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये अठराशे हेक्टरांहून अधिक जंगलावर हक्क मिळाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा आता महाराष्ट्रभर माहीत आहे. गावचे पुढारी देवाजी तोफा आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने हे गाव त्याआधी वीसेक वर्षे एकमताने निर्णय घेत, अभ्यास गट चालवत जंगल राखत होते. तरी हातात हक्काचा कागद असूनही बांबू विकता येईना. वनहक्क कायदा बांबूला गौण वनोपज, म्हणजे गावाला काढता-विकता येणारे लाकडाव्यतिरिक्तचे उत्पन्न, म्हणत होता, १९२७ चा वन कायदा त्याला झाड मानत होता आणि वाहतूक परवाना खात्याच्या हातात होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. १९२७ च्या कायद्यातली बांबूची व्याख्या बदलायला मात्र २०१७ उजाडले. एका पुस्तकासाठी केंद्रीय मंत्र्याला गावात यावे लागले, हे आठवले की मला अजूनही संताप येतो.

ग्रामसभा सगळीकडे मेंढ्यासारख्या नाहीत, हे मला ठाऊक आहे. कितीतरी गावांत तेंदूचा व्यवहार ठेकेदाराच्या तोंडी हिशेबावर चालला, पैसे बुडाले आणि ग्रामसभेकडे दाद मागायला कागदही नव्हता. काही ठिकाणी दोन-चार पुढारी म्हणजेच ग्रामसभा. बायका मोहफुले वेचतात, कंदभाजी कुठे उगवते हे त्यांना माहीत असते, पण बैठकीत त्या मागे भिंतीला टेकून बसतात. या उणिवांवर उपाय आहे: हिशेबनीस शिकवा, लिलावाची पद्धत शिकवा, नियमांची मराठी आणि गोंडी पुस्तिका गावात पोचवा, बायकांची बैठक आधी घ्या. मोहाखाली जाळ्या बांधल्या तर फुले वेचण्यासाठी पाचोळा जाळावा लागत नाही. त्या जाळ्या प्रत्येक घराला मिळाल्या तर वणव्याच्या किती तरी बातम्या छापाव्याच लागणार नाहीत. गावाची उणीव दाखवून गावाचा अधिकारच काढून घेणे हा उपाय नव्हे.

मेळघाटचा धडाही समोर आहे. १९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत त्याची निवड झाली आणि गेल्या पंचवीसेक वर्षांत कोहा, कुंड, बोरीपासून कोरकू आदिवासींची अनेक गावे तिथून उठली. काहींना मोकळे रस्ते, शाळा, दवाखाना हवा होता आणि ती राजीखुशीने गेली. पण जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसित लोक आपल्या जुन्या गावांकडे परत निघाले आणि वनकर्मचाऱ्यांशी त्यांची झटापट झाली, दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. नवी जमीन कशी आहे, पाणी आहे का, रोजगार काय, याची उत्तरे आधी मिळाली असती तर ही वेळ आली नसती.

म्हणून शासनाला आपल्या वृत्तपत्रातून विनंती आहे. ताडोबा, मेळघाट, नवेगाव-नागझिरा यांच्या गाभा आणि बफर क्षेत्रांतल्या गावांचे प्रलंबित सामूहिक दावे आधी निकाली काढावेत. ते होईपर्यंत एकाही गावाला उठण्याची नोटीस देऊ नये. ज्या ग्रामसभांना हक्क मिळाले आहेत त्यांचे आराखडे कार्य आयोजनेत जोडून घ्यावेत आणि जाळरेषा, पाणवठे, गस्त यांसाठीचा निधी त्यांच्या खात्यात थेट द्यावा. पुढच्या वणव्याच्या हंगामाची आखणी करताना या गावांचे प्रतिनिधी विभागीय वन अधिकाऱ्यांच्या बैठकीला बोलवावेत आणि त्या बैठकीचे इतिवृत्त गावात वाचून दाखवावे.

आपली वाचक,
एक निवृत्त शिक्षिका,
ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर