ग्लॅनफर्ड पार्कच्या काकांना, एका बचावपटूच्या निमित्ताने

तीर्थस्वरूप काकांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

आभार मानायचेच असतील तर घरी गेल्यावर मराठीत पत्र लिही, असे तुम्ही इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्पच्या रेल्वे स्थानकावर मला बजावले होते. त्या गोष्टीला एक तपाहून अधिक काळ लोटला आणि पत्र राहूनच गेले. आता लिहितो आहे ते उघड पत्र म्हणून लिहितो, कारण त्यात तुमच्याबरोबर ग्रॅहम अलेक्झांडर या फुटबॉल खेळाडूचीही हकीकत येणार आहे आणि ती चार मराठी माणसांच्या कानी पडावी, अशी इच्छा आहे.

मी २०११ च्या शरद ऋतूत तुमच्या गावी आलो. टाटांनी २००७ मध्ये कोरस ही तिथल्या पोलाद कारखान्याची मालक कंपनी विकत घेतल्यापासून आपल्याकडच्या माणसांची तिथे ये-जा असेच. मी मात्र एका कंत्राटदार कंपनीच्या वतीने आलो होतो. क्वीन मेरी, क्वीन बेस, क्वीन ॲन आणि क्वीन व्हिक्टोरिया अशी राण्यांची नावे असलेल्या त्या चार झोतभट्ट्यांचे मला सुरुवातीला फार अप्रूप वाटले. पुढे माझ्या कंपनीने मला आरेखनाच्या कामावरून काढून देखभालीच्या पाळीवर टाकले आणि माझ्या जागी माझ्याच हाताखाली शिकलेल्या मुलाला बसवले, तेव्हा ते अप्रूप संपले. वय चौतीस होते आणि आपले जे काही व्हायचे ते होऊन गेले, अशी माझी खात्री झाली होती. त्याच दिवसांत एका दुकानाच्या रांगेत मी फोनवर आईला कुकरची शिटी कशी खराब झाली ते सांगत असताना मागून तुमचा आवाज आला, "शिटी नव्हे, रबर बदला." मिरजेत शिकून सत्तरच्या दशकात विलायतेला गेलेला आणि निवृत्तीनंतरही त्याच पोलादी गावात राहिलेला डॉक्टर मला असा भेटला.

पुढच्या शनिवारी तुम्ही मला ग्लॅनफर्ड पार्कवर, गावच्या स्कन्थॉर्प युनायटेड या फुटबॉल क्लबाच्या मैदानावर, नेलेत. मला क्रिकेटपलीकडे काही कळत नाही हे ओळखून तुम्ही आधी इयन बोथमची गोष्ट काढलीत. इंग्लंडचा तो अष्टपैलू ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात स्कन्थॉर्प युनायटेडकडून ११ लीग सामने खेळला होता, हे ऐकून मी हबकलो. मग तुम्ही म्हणालात, "चेंडूकडे बघू नकोस, त्या चाळीस वर्षांच्या माणसाचे पाय बघ."

तो माणूस म्हणजे अलेक्झांडर. जन्म १९७१ चा, कॉव्हेंट्रीचा. १९९१ मध्ये याच क्लबातून, तेव्हाच्या चौथ्या श्रेणीत त्याने सुरुवात केली, आणि त्या वेळचा पोरगेला अलेक्झांडर तुम्ही त्याच मैदानावर पाहिला होतात. १९९५ मध्ये तो ल्यूटनला गेला, १९९९ मध्ये प्रेस्टनला. उजव्या बगलेचा बचावपटू म्हणून त्याचे नाव झाले ते पुढच्या काळात. प्रेस्टनने २००० मध्ये प्रशिक्षक डेव्हिड मॉइज यांच्या हाताखाली तिसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवले. त्यानंतर २००१ आणि २००५ अशा दोन वेळा हा क्लब प्रीमियर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीच्या, उंबरठ्यावरून, बढतीचा अंतिम सामना हरून परत फिरला. या हकिगतीत मला तेव्हा केवळ अपयश दिसत होते, आणि तसे मी बोलूनही दाखवले. तुम्ही थर्मासमधला चहा ओतत शांतपणे म्हणालात की, प्रत्येक शनिवारी संघाच्या यादीत नाव असणे याला या गावात अपयश म्हणत नाहीत.

बगलेच्या बचावपटूचे काम तुम्ही मला शिकवलेत ते अजून डोळ्यांसमोर आहे. चहाचे झाकण तुम्ही गुडघ्यावर ठेवलेत आणि बोटाने दाखवलेत, की समोरून विंगर, म्हणजे बगलेवरचा आक्रमक, चेंडू घेऊन धावत येतो तेव्हा त्याच्यावर झडप घालायची नसते. अंग थोडे तिरके ठेवून, छोटी पावले टाकत मागे सरकायचे, त्याला आतली वाट बंद करायची आणि सीमारेषेच्या बाजूची मोकळी ठेवायची. तो त्या वाटेने गेला की रेषाच आपल्या बाजूने खेळू लागते. हे नीट जमले तर काहीच घडत नाही, म्हणून टाळ्याही पडत नाहीत. त्यानंतर कित्येक आठवडे मी चेंडू सोडून माणसे पाहत होतो. भट्टीवरच्या पाळीतही तसेच पाहू लागलो. नळीतून पाणी गळण्याआधीच जोड बदलणारा फिटर मला तोवर कधी दिसलाच नव्हता.

अलेक्झांडरचे उरलेले आयुष्य तुम्ही मला हप्त्याहप्त्याने सांगितलेत. तिसाव्या वर्षी, २००२ मध्ये, तो वडिलांकडच्या नात्याने स्कॉटलंडकडून पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला आणि एकूण ४० सामन्यांपर्यंत पोहोचला. सप्टेंबर २००७ मध्ये पॅरिसला स्कॉटलंडने जेम्स मॅकफॅडनच्या गोलवर फ्रान्सला १-० असे हरवले, तेव्हा रिबेरी, अनेल्का आणि त्रेझेगे यांच्यासमोर डाव्या बगलेवर, म्हणजे नेहमीची बाजू सोडून, हाच दुसऱ्या श्रेणीतला गडी उभा होता. त्याच्या थोडेच दिवस आधी, पस्तिसाव्या वर्षी, प्रेस्टनने त्याला बर्नलीला जाऊ दिले होते. बर्नलीत तो मुख्यतः मधल्या फळीत बचावाच्या पुढे खेळला. मे २००९ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर बढतीच्या अंतिम सामन्यात शेफील्ड युनायटेडला हरवून बर्नली ३३ वर्षांनी सर्वोच्च श्रेणीत परतली आणि ऑगस्टमध्ये, ३७ वर्षांचा असताना, अलेक्झांडर प्रीमियर लीगमधला पहिला सामना खेळला. गोलरक्षक सोडले तर एवढ्या उतारवयात तिथे कोणी पदार्पण केलेले नव्हते. पदार्पणाचा सामना हरल्यावर चारच दिवसांनी बर्नलीने मँचेस्टर युनायटेडला १-० असे हरवले. ही गोष्ट तुम्ही मला निदान तीनदा सांगितलीत आणि तिन्ही वेळा मी ती नव्याने ऐकत असल्यासारखा ऐकली, हे आता कबूल करायला हरकत नाही. एप्रिल २०११ मध्ये स्वान्सीविरुद्ध राखीव बाकावरून उतरून त्याने कारकिर्दीतला हजारावा सामना पूर्ण केला आणि त्याच उन्हाळ्यात तो जिथून निघाला होता तिथे, तुमच्या स्कन्थॉर्पला, परत आला.

२८ एप्रिल २०१२ चा दिवस तर तुमच्याचमुळे माझ्या वाट्याला आला. पाळी असल्याने मी येणार नव्हतो. तुम्ही माझ्या पर्यवेक्षकाला फोन करून "पोराला आज सोडा, पुन्हा दिसायचे नाही हे," असे सांगितलेत. समोर प्रेस्टन, त्याचाच जुना क्लब. स्कन्थॉर्प एका गोलने मागे होता, वेळ भरून वाढीव वेळ चालू होता, माणसे वाहने गाठायला उठू लागली होती, आणि मीही उठलो तेव्हा तुम्ही माझी बाही धरून खाली बसवलेत. फ्री किक मिळाली. चेंडू त्यानेच ठेवला, त्यानेच मारला आणि तो जाळ्यात गेला, १-१. व्यावसायिक फुटबॉलमधली त्याची ती शेवटची किक. तुम्ही ओरडला नाहीत, उड्या मारल्या नाहीत. फक्त चष्मा काढून पुसत राहिलात, आणि काच स्वच्छ झाल्यावरही पुसणे थांबले नाही.

त्यानंतर मी देखभालीच्या कामातून बाहेर पडायची धडपड सोडली आणि ते काम शिकलो. आज नाशिकमध्ये माझ्या हाताखाली अकरा माणसे आहेत आणि सर्व जण देखभालीचीच आहेत. अलेक्झांडर प्रशिक्षक म्हणून २०१४ मध्ये फ्लीटवूडला आणि २०२५ मध्ये ब्रॅडफर्डला वरच्या श्रेणीत घेऊन गेला. ब्रॅडफर्डची बढती तर ९६ व्या मिनिटाच्या गोलवर पक्की झाली, हे वाचून मी रात्री तुम्हाला फोन केला आणि तुम्ही "मी म्हटलं होतं, उठायचं नाही," एवढे बोलून ठेवून दिलात.

आपला क्लब २०२३ मध्ये सहाव्या श्रेणीपर्यंत घसरून आता पाचवीत परतला आहे, हे मला ठाऊक आहे. त्या सामन्याच्या दिवशी तुम्ही मला दिलेला डाळिंबी-निळा मफलर माझ्याकडेच राहिला. नाशिकच्या थंडीत तो जानेवारीत दोन आठवडे वापरतो. पुढच्या वर्षी मुलीला घेऊन येतो आहे, तेव्हा तो धुऊन परत आणीन. तोवर तुमच्या शेजारची खुर्ची कोणाला देऊ नये, ही विनंती.

आपला नम्र,
पाळीवरचा पोरगा
नाशिक