इंजिन बसलं, वॉरंटी होती, तरी बिल माझ्याच माथी

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात पुण्याहून कराडला घरी येत होतो, आई-वडील मागे बसलेले, खंबाटकी घाट चढायला लागलो आणि दुसऱ्याच वळणाला टेंपरेचरचा लाल दिवा लागला. तिथल्या तिथे गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, बोनेट उघडलं तर नुसती वाफ आणि खाली रस्त्यावर हिरव्या कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा ओघळ. गाडी 2 वर्षं 9 महिन्यांची, रनिंग 38,600, कंपनीची वॉरंटी 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटर, त्यामुळे मनात म्हटलं त्रास झाला तो झाला, खर्च तरी नाही. टोइंगवाल्याला बोलावून गाडी ऑथराइज्ड वर्कशॉपला पाठवली आणि आई-वडिलांना भर उन्हात एसटीने घरी आणलं.

आठ दिवसांनी फोन आला. हेड म्हणजे इंजिनचं वरचं झाकण बेंड झालंय, त्याखालचं पॅकिंग म्हणजे गॅस्केट उडालंय, एस्टिमेट 1 लाख 64 हजार आणि क्लेम रिजेक्ट. का, तर म्हणे तुमची तिसरी सर्व्हिस लेट आहे. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिथं जाऊन उभा राहिलो. सर्व्हिस ॲडव्हायझरने डिपस्टिक काढून ऑईल बोटावर घेतलं, दूध जास्त पडलेल्या चहासारखा रंग, फेस आलेला, आणि मला म्हणाला, सर बघा ऑईलची काय अवस्था झालीय, सर्व्हिस वेळेवर केली नाही की असंच होतं. मला गाडीतलं फारसं कळत नाही, त्याने दाखवलं ते खरं वाटलं, फोटो काढला आणि परत आलो.

इथे कराडमध्ये आमच्या ओळखीचे एक जुने फिटर आहेत, आयुष्य इंजिनं खोलण्यात गेलंय त्यांचं. त्यांनी फोटो बघितल्याबरोबर विचारलं, पाणी कुठून शिरलं? सर्व्हिस चुकली की ऑईल काळं पडतं, घट्ट होतं, त्याचा गाळ बसतो, चहाचा रंग आला म्हणजे ऑईलमध्ये कूलंट मिसळलंय. आणि कूलंट मिसळतं कधी, तर हेड तापून वाकलं आणि गॅस्केटने जागा सोडली की. म्हणजे आधी इंजिन तापलं, ऑईल नंतर खराब झालं, आणि वर्कशॉपवाले मला उलटं सांगत होते! फिटर म्हणाले, आधी वॉटर पंप, म्हणजे कूलंट फिरवणारा पंप बघून या.

परत गेलो. पंप काढून ट्रेमध्ये ठेवलेला होता, हातात घेऊन शाफ्ट हलवला तर खुळखुळत होता, बेअरिंग गेलेलं, आणि खालच्या भोकाशी वाळलेल्या कूलंटची हिरवट पांढरी खपली. बरेच दिवस थोडं थोडं झिरपत असणार आणि घाटात लोड आल्यावर व्हायचं ते झालं. त्या पंपाचं बेअरिंग सीलबंद असतं, इंजिन ऑईल त्याच्यापर्यंत जातच नाही, मग सर्व्हिस 1,400 किलोमीटर उशिरा झाली म्हणून पंप कसा जाईल हे मला कोणीतरी समजावून सांगावं. मी हे तिथं विचारलं, एकानेही उत्तर दिलं नाही.

उशीर झाला हे मी नाकारत नाही. 30,000 ची सर्व्हिस 31,400 ला केली, तेव्हा वडिलांचं बायपास होतं, दीड महिना दवाखान्यातच गेला. पण ती सर्व्हिस याच वर्कशॉपमध्ये केलीय, बिलावर यांचाच शिक्का आहे, ऑईल फिल्टर सगळं यांनीच बदललंय आणि पैसे घेताना तुमची वॉरंटी गेली असं एका शब्दाने कोणी बोललं नाही. त्यानंतर गाडी 7,200 किलोमीटर व्यवस्थित चालली.

आता म्हणतात दिवा लागल्यावर तुम्ही चालवत राहिला असाल. टोइंगच्या पावतीवर ठिकाण आणि वेळ दोन्ही आहे. रिजेक्शन लेखी द्या म्हटलं तर कंपनीचा मेल इंटर्नल आहे म्हणतात. इंजिन खोलायच्या आधी एका फॉर्मवर सही घेतली होती, क्लेम नाही बसला तर खोलण्याचे पैसे ग्राहकाने द्यायचे, आणि आता वरून रोजचे 300 रुपये पार्किंग लावतोय असं सांगितलंय. माणूस घाबरून पैसे भरून मोकळा होतो तो इथेच, आणि मीही भरणारच होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही कारण गाडीशिवाय वडिलांना चेकअपला न्यायचे हाल होतात.

पण थोडं वाचलं, एका वकील मित्राला विचारलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम 84 आहे, दिलेल्या वॉरंटीप्रमाणे वस्तू निघाली नाही तर उत्पादक जबाबदार. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, कंपनीच्या गावाला जायची गरज नाही. गाडीची किंमत 5 ते 10 लाखात असेल तर फी फक्त 200 रुपये, मुदत 2 वर्षं, आणि दोष तपासणीशिवाय कळत नसेल तर आयोग पार्ट लॅबला पाठवू शकतो. त्याआधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, मी नोंदवलीय. आणखी एक, बाहेरच्या गॅरेजने गाडीला हात लावला की वॉरंटी संपली असं जे सरसकट सांगतात त्यावर स्पर्धा आयोगाने 2014 सालीच बोट ठेवलंय, 14 कार कंपन्यांना अडीच हजार कोटींवर दंड केला होता. कंपन्या अपिलात गेल्या ते वेगळं, पण अशी सरसकट अट घालू नका असं त्या आदेशात स्पष्ट होतं.

माझं मागणं मोठं नाहीये. क्लेम नाकारायचा तर नाकारा, पण कुठला पार्ट कशामुळे गेला आणि माझ्या कुठल्या चुकीने गेला हे जॉबकार्डवर लिहून, खाली सही करून द्या. तोंडी सांगितलेलं उद्या बदलता येतं, लिहिलेलं बदलता येत नाही. राज्याच्या ग्राहक संरक्षण विभागाने एवढी एक गोष्ट सगळ्या वर्कशॉपना सक्तीची करावी, आणि आपल्या पेपरने हा विषय लावून धरावा ही कळकळीची विनंती.

गाडी आज 47 दिवस तिथेच उभी आहे. पुढच्या आठवड्यात साताऱ्याला आयोगात तक्रार दाखल करतोय. वॉटर पंप पिशवीत बांधून डिकीत ठेवायला लावलाय आणि पिशवीवर वर्कशॉप मॅनेजरची आणि माझी, दोघांच्या सह्या तारखेसकट घेतल्यात.

आपला नम्र,
एक कारमालक, कराड