पिल्लू घेण्याआधी त्याची आई पाहा

संपादक महोदय,

कुत्र्याचं चाळीस दिवसांचं पिल्लू ‘केसीआय पेपर्ससकट’ (केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदणी कागदांसकट) विकणं हा नियमभंग आहे. 2017च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, दीड वर्षाखालच्या मादीची वीण घेता येत नाही आणि राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे पैदास करणाऱ्याची नोंदणी सक्तीची आहे. पेपर्स फक्त वंशावळ सांगतात, खुब्याचं दुखणं नाही.

लॅब्रॉडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा हा दोष (हिप डिस्प्लेजिया) बराचसा आनुवंशिक आहे आणि पिल्लात तो सहसा दिसत नाही. म्हणून जोडी लावण्याआधी, दोन वर्षं पूर्ण झाल्यावर, नर-मादी दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे काढायलाच हवेत. ते दाखवू न शकणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

‘एक इंजेक्शन झालंय’ यावरही विसंबू नका. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडं लशीला निष्प्रभ करू शकतात. त्यामुळे पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाची लस पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागते. लागणीनंतर उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू व्हायला साधारण तीन ते सात दिवस जातात, म्हणजे लागण झालेलं पिल्लूही विकताना ठणठणीत दिसू शकतं.

पार्किंगमध्ये किंवा हायवेवर पिल्लू ताब्यात घेऊ नका. जिथे ते जन्मलं तिथे जा, आई दाखवायला सांगा, ती उपाशी तर नाही ना आणि खरंच पिल्लांना पाजते आहे ना, यासाठी तिच्या बरगड्या आणि सडं नीट बघा.

– एक वाचक, पुणे