बाबांच्या फॉरवर्डला उत्तर

पुणे, रविवार रात्र

प्रिय आई, बाबा,
सप्रेम सलाम.

फोनवर हे नीट बोलता येत नाही. बाबा मध्येच ‘ऐकू येत नाही’ म्हणतात, आई जेवलीस का विचारते. म्हणून लिहितेय.

बाबा, ‘महास्फोटाने देव सिद्ध झाला’ हा फॉरवर्ड तुम्ही चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवरही टाकलात. काढून टाका ना. विश्वाचा आरंभ एका आदिम अणूतून झाला, ही महास्फोटामागची (बिग बँगमागची) कल्पना १९३१ मध्ये मांडणारे ज्यॉर्ज लमेत्र स्वतःच बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी अशा शोधांत निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा नाराज झाले ते लमेत्रच. उद्या सिद्धांत बदलला तर आपण काय करायचं?

तुमची खरी धास्ती वेगळी आहे, कळतं मला. लॅबमध्ये राहून पोरगी ‘निसर्गापलीकडे काही नाही’ म्हणायला लागली की काय! तसं म्हणणारे आहेत इथे. एक सहकारी चहा पिताना म्हणाला, प्रेम म्हणजे शेवटी ऑक्सिटोसिन, शरीरातलं एक संप्रेरक. म्हटलं, ऑक्सिटोसिन मोजता येतं, पण हे ‘शेवटी’ कुठल्या यंत्रावर मोजलंस? पेशी का मेल्या याचं उत्तर मीही वहीत ‘देवाची इच्छा’ असं लिहीत नाही, नैसर्गिक कारणच शोधते. तो कामाचा नियम. जग एवढंच आहे, हे मात्र प्रयोगातून निघालेलं नाही, ते आधीच धरलेलं असतं.

डार्विनलाही एक शंका छळत होती. १८८१ च्या एका पत्रात तो लिहितो की, माणसाचं मन खालच्या प्राण्यांच्या मनातून घडलं असेल, तर त्याच्या धारणांवर विश्वास किती ठेवायचा? पुढे ॲल्विन प्लांटिंगा या अमेरिकन ख्रिस्ती तत्त्वज्ञाने त्यावर मोठा युक्तिवाद उभारला: निसर्गापलीकडे काही नाही आणि मन फक्त जगण्यासाठी घडलं असं मानलं, तर त्या मानण्यावरही विश्वास ठेवता येत नाही. मला तो अर्धाच पटतो. जगायचं तरी खरं दिसावं लागतं; बिबट्या खरोखर दिसल्याशिवाय चुकवता येत नाही, एवढं तर कुणीही म्हणेल.

मला पटतात ती आजीची शेवटची दोन वर्षं. तिच्या मेंदूत काय बिघडलं होतं, ते आज मी चित्र काढून सांगेन. ती तुम्हाला ‘मास्तर’ म्हणायची, कुणी परका असल्यासारखी. तुम्ही भाकरीचे कडक काठ काढून ती दुधात कुस्करायचात आणि प्रत्येक घासाआधी विचारायचात, “आई, देऊ का?” एक पाहुणे म्हणाले, “आता त्यांना काय कळतंय?” तुम्ही वाटी खाली ठेवली नाहीत.

माझा सहकारीही त्याच्या आजीचं असंच करेल, चांगला मुलगा आहे. पण विसरत गेलेल्या आजीची किंमत तसूभरही का घटत नाही, हे त्याच्या हिशेबात बसत नाही. आपल्याकडे ते बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात आहे, देवाच्या प्रतिरूपाचा माणूस.

नाताळला २३ तारखेला येते. आई, करंज्या मी आल्यावरच कर. बाबा, कानाचं यंत्र लावून बसा, बिबट्याबद्दल तुम्ही भांडणार हे ठाऊक आहे.

तुमची,
बेबी